परळचा पाद्र्यांचा मठ

वाचकहो, मुंबई पाहायला गेलेला आपला माणूस राणीची बाग पाहतो, चौपाटीवर भेळ खातो, महालक्ष्मीला जातो आणि भाद्रपदात गेला तर लालबागच्या राजाच्या रांगेतही उभा राहतो. परळला मात्र हौसेने कोणी जात नाही. परळला तो जातो तेव्हा त्याच्या पिशवीत दवाखान्याची फाईल असते, एक्स-रेचा मोठा लखोटा असतो आणि बरोबर घरचा आजारी माणूस असतो. टाटा, केईएम, वाडिया ही नावे आज आडगावच्या म्हातारीलाही पाठ आहेत. पण त्याच वस्तीत, टाटा रुग्णालयापासून चालत पाच मिनिटांवर, एक तीन-साडेतीनशे वर्षांची वास्तू आहे. तिचा आणि आपल्या शेतकरी घराचा संबंध फार जवळचा आहे. त्या वास्तूची ही हकिकत.

गेल्या श्रावणात थोरल्या वहिनींच्या तपासणीसाठी मी परळला होतो. तपासणीचा कागद मिळायला चार वाजणार होते, म्हणून आचार्य दोंदे मार्गाने सहज फिरत निघालो. एका फाटकाशी झाडाच्या सावलीत जत तालुक्यातले एक गृहस्थ बसले होते. भावाला घेऊन आले होते. बोलता बोलता त्यांनी फाटकावरच्या पाटीकडे बोट केले.

"साहेब, ह्ये हाफकिन म्हंजे औषधाच्या बाटलीवर असतंय त्येच का?"

"तेच, पाव्हणं. तुम्हाला कुठं दिसली बाटली?"

"आमच्या मंडळीला मण्यार चावली हुती, उसाच्या फडावर. झोपडीत, भुईवर निजल्यावर. दवाखान्यात लई बाटल्या लागल्या. रिकामी बाटली मी वाचून बघितली. नाव ध्यानात ऱ्हायलं."

मी त्यांना म्हणालो, "ते औषध करणाऱ्या संस्थेचं हे मूळ घर. आणि त्याच्याही आधी हा पाद्र्यांचा मठ होता." त्यांना मोठे आश्चर्य वाटले. त्यांना जे थोडक्यात सांगितले तेच आता तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

मठ आणि चर्च

मुंबई बेटावर इंग्रजांच्या आधी पोर्तुगीजांचे राज्य होते. त्यांच्याबरोबर निरनिराळ्या पंथांचे पाद्री आले आणि त्यांनी चर्च आणि मठ बांधले. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ सालचे. ते आजही चर्चच आहे. मात्र जुनी इमारत जाऊन १९७०च्या दशकात चार्ल्स कोरिया या वास्तुशिल्पकाराने आखलेली नवी इमारत तेथे उभी राहिली. परळचे नशीब नेमके उलटे. येथे जुन्या भिंती राहिल्या आणि चर्च गेले.

परळचा मठ जेसुइट पंथाच्या पाद्र्यांचा. १६६१ च्या विवाह-तहात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, १६६५ मध्ये तिचा ताबा दिला आणि १६६८ मध्ये राजाने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. त्यानंतर १६७३ साली जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज डॉक्टर मुंबईत आला. परळला जेसुइटांचे चर्च आणि त्यांचा जमीनजुमला आहे, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. म्हणजे राज्य बदलले तरी जमीन पाद्र्यांकडेच होती.

हे पाद्री नुसते जपमाळ ओढणारे नव्हते. त्यांच्याकडे भातखाचरे होती, नारळाच्या वाड्या होत्या, खंड वसूल करणारे कारभारी होते. गोव्यातल्या जेसुइटांनी आंब्याच्या कलमांचा प्रसार केला असे मानले जाते. आपला हापूस हे नावच मुळी 'अफोन्सो' या पोर्तुगीज नावावरून आले. काजू, अननस, पेरू, मिरची ही पिके पोर्तुगीजांच्या जहाजांतूनच आपल्याकडे आली. आपण रोज वापरतो ते चावी, पगार आणि घमेले हे शब्दसुद्धा त्यांचेच. शेतावर घमेले उचलताना आपल्याला पोर्तुगीज आठवत नाहीत, इतके ते शब्द आपले झाले.

आता बांधणीविषयी. आपल्या देवळात गाभारा लहान आणि काळोखा असतो. भक्त एकेक करून दर्शन घेतो. चर्चमध्ये सारी मंडळी एकाच वेळी बसते आणि सर्वांना समोरची वेदी दिसावी लागते. त्यामुळे चर्चचा मुख्य भाग म्हणजे एक लांबच लांब, उंच दालन. परळच्या चर्चचे दालन अंदाजे ७५ ते ८० फूट लांबीचे होते. खेड्यातल्या शाळेचे तीन वर्ग मधल्या भिंती काढून सलग जोडावेत, एवढे. हे दालनच पुढच्या साऱ्या इतिहासाला कारण झाले. एवढी प्रशस्त आणि भक्कम जागा एकदा बांधली गेली की तिला मालक मिळतच राहतात.

मठाची झाली गव्हर्नरची कोठी

१६८९-९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईवर स्वारी केली. बेटाचा बराच भाग त्याने घेतला आणि इंग्रज किल्ल्यात अडकून पडले. या वेळी जेसुइटांनी सिद्दीला आतून मदत केली असा इंग्रजांचा आरोप होता. खरे-खोटे काहीही असो, त्या संशयातून पाद्र्यांच्या जमिनी जप्त होऊ लागल्या. चार्ल्स बून हा गव्हर्नर असताना, १७२० च्या सुमारास, परळचा मठही इंग्रजांनी घेतला. त्याच वर्षी पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबईतून बाहेर काढण्यात आले आणि चर्चचा कारभार इटालियन कार्मेलाइट पाद्र्यांकडे सोपवला गेला. मधल्या काळात ही वास्तू एका पारशी गृहस्थाकडे होती आणि त्याच्याकडून सरकारने ती विकत घेतली, अशीही हकिकत १८२५ साली मुंबईत आलेल्या बिशप हेबर यांनी ऐकून लिहून ठेवली आहे.

तेव्हा परळ म्हणजे कोटाबाहेरचे हिरवेगार गाव. गव्हर्नर लोक प्रथम हवा पालटायला येथे येत. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळातला गव्हर्नर येथे कायमचा राहू लागला आणि मठाची कोठी झाली. खाली चर्चचे दालन होते, ते मेजवानीचे दालन झाले. त्याच्यावर तेवढ्याच मापाचे दुसरे दालन होते, तेथे नाच होऊ लागले. पुढे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, म्हणजे १८१९ ते १८२७ या काळात, मधल्या इमारतीला दोन्ही बाजूंनी पाखे जोडण्यात आले. पेशवाई बुडाल्यावर आपल्या मुलखाची घडी बसवणारा हाच तो एल्फिन्स्टन. आपल्या जमीनमहसुलाचे पहिले इंग्रजी नियम ज्यांच्या सहीने निघाले ते साहेब जुन्या चर्चमध्ये जेवत होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बिशप हेबर हे स्वतः धर्मगुरू. खालचे दालन हे मुळात चर्च होते, याची नोंद त्यांनी केली आहे. वेदीपुढे गुडघे टेकण्याच्या जागी मेजवान्या झडाव्यात, याचे कोणाला काय वाटले असेल ते असो. आपल्याकडेही देवळांची कचेरी आणि मठांची कोठारे झालेली आहेतच.

या घरात चांगलीही कामे झाली. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी सर जेम्स मॅकिंटॉश यांनी याच घरी विद्वानांची एक बैठक बोलावली आणि मुंबईची लिटररी सोसायटी स्थापन झाली. फोर्टमधल्या टाऊन हॉलच्या त्या उंच पायऱ्या चढून गेल्यावर जे एशियाटिकचे ग्रंथालय लागते, त्याचा हा उगम. १८७५ साली इंग्लंडचा युवराज मुंबईत आला, तोही येथेच उतरला.

पण तोवर परळ बदलले होते. गिरण्यांची धुराडी उभी राहिली, दाट वस्ती झाली. १८८२ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने वारल्या. त्यानंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. राज्यपाल आज तेथेच राहतात. परळची कोठी ओस पडली. ज्यांना सोडून जाता येत होते ते गेले. गिरणीत पोट भरायला आलेला आपला कोकणातला आणि घाटावरचा माणूस तेथेच राहिला.

तुपाचा थेंब

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढचे आपल्याला पिढ्यान्पिढ्या ऐकून माहीत आहे. लोक मुंबई सोडून गावाकडे पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. पुण्यात आजाऱ्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. तपासणीच्या जुलमामुळे चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली. परळच्या ओस कोठीत प्लेगचे इस्पितळ उघडण्यात आले.

त्याच सुमारास वाल्डेमार हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून मुंबईत आले. ते ओडेसा शहरात १८६० साली जन्मलेले यहुदी. कॉलऱ्याच्या लशीचे काम त्यांनी कलकत्त्यात केलेले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या लहानशा जागेत त्यांनी अवघ्या तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना टोचली. न टोचलेल्या कैद्यांपेक्षा त्यांच्यात प्लेगचे प्रमाण बरेच कमी आढळले.

ही लस होत कशी असे, ते आमच्या भगिनींना ऐकायला आवडेल. काचेच्या चंबूत मटणाचे पाणी घेत. तेही बोकडाचे, म्हणजे गाय आणि डुक्कर यांमुळे कोणाच्या धर्माला धक्का नको. त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवत. प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, गुहेच्या छताला खडूचे सुळे लोंबावेत तसे. पुरेशी वाढ झाली की ते उष्णतेने मारत आणि लस भरत. आपल्या फोडणीतल्या तुपाने असेही काम केले आहे.

लशीला मागणी वाढली आणि जागा पुरेना. आगाखानांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला, पण तोही अपुरा पडला. अखेर सरकारने परळची रिकामी कोठी दिली. ऑगस्ट १८९९ मध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते येथे प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली. पाद्र्यांचे चर्च, गव्हर्नरांचे मेजवानीघर, आणि आता तेथेच चंबूंच्या रांगा! उंच छत आणि मोठी सलग जागा या कामालाही सोयीचीच ठरली.

१९०५ पासून प्लेग आयोगाने येथेच उंदरांवर प्रयोग केले. आजारी उंदराशेजारी धडधाकट उंदीर ठेवला, पण मध्ये पिसवा नसतील, तर रोग पसरत नाही. पिसवा असतील तर पसरतो, हे त्यांनी पडताळून दाखवले. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे येतात. 'उंदीर पडले की घर सोडावे' हा आपल्या आज्यांचा नियम किती शहाणपणाचा होता ते यावरून कळते. ही जुनी गोष्ट समजू नका. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर, १९९४ साली, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग पुन्हा दिसला. लोकांनी सोडलेली घरे, त्यांत साठवलेले धान्य आणि माजलेले उंदीर हे त्याचे एक कारण सांगितले गेले. कणगीत उंदीर शिरू देऊ नका असे मी गावोगाव सांगतो, ते केवळ धान्याच्या नासाडीसाठी नव्हे.

एक बाटली आणि पाच वर्षे

आता या वास्तूतला सर्वांत दुःखाचा प्रसंग. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी परळहून आलेली लस टोचण्यात आली. एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचले होते ते सारे धनुर्वाताने मेले. सगळा ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांचे काम गेले. पुढे असे दिसून आले की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट शुद्ध न करता तसाच वापरला गेला. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू घेतली आणि १९०७ मध्ये त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. परंतु खोटा बोभाटा एका दिवसात देशभर गेला आणि खरे कळायला पाच वर्षे लागली. दरम्यान किती लोकांनी भीतीने लस नाकारली असेल याची गणती नाही. २०२२ साली गुरांत लम्पी आला तेव्हा 'लस दिली की गाय आटते' असे म्हणून गोठ्याचे दार लावून घेणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींच्या दावणी रिकाम्या झाल्या.

१९०६ मध्ये प्रयोगशाळेचे नाव बदलले आणि १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचेच नाव देण्यात आले. ज्याला दोषी म्हणून घालवले त्याचेच नाव फाटकावर लागले, आणि ते त्याच्या हयातीत. १९३० साली ते वारले. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे पहिले भारतीय संचालक झाले. १९७५ मध्ये औषधे तयार करण्याचे काम वेगळ्या महामंडळाकडे गेले. पोलिओचे थेंब, कुत्र्याच्या विषावरची लस, विंचवावरचे औषध आणि सर्पदंशावरचे औषध हे सारे हाफकिनच्या नावाने गावोगाव पोचले.

सर्पदंशाचे औषध घोड्यांपासून होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अगदी थोड्या प्रमाणात, हळूहळू वाढवत घोड्याला टोचतात. घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात विषाचा उतारा तयार होतो. ते रक्त काढून, त्यातला उताऱ्याचा भाग वेगळा करून, शुद्ध करून बाटलीत भरतात. वरचे चार साप तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहेत. तुमच्या बांधावर तेच असतात.

आमच्या घरातली गोष्ट

हे मी तुम्हाला एवढ्या आग्रहाने का सांगतो ते ऐका. मी शाळेत असताना आमच्या चुलत्यांच्या थोरल्या मुलाला आवण काढताना घोणस चावली. सरकारी दवाखाना सात मैलांवर होता. बैलगाडी जुंपली, पण ती दवाखान्याकडे गेली नाही. आधी देवळात गेली, मग मांत्रिकाकडे. दंड दोरीने करकचून बांधला, जखमेवर ब्लेड मारले, लिंबाचा पाला खायला दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला. कोणी वाईट हेतूने काही केले नव्हते. घरात शहाणीसुरती माणसे होती. दवाखान्यात औषध आहे यावर फक्त त्यांचा विश्वास नव्हता. ज्या बाटलीने तो वाचला असता ती सात मैलांवर होती की नव्हती, हे विचारायलाही आम्ही गेलो नाही.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे आपल्या देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात. त्यांतली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. म्हणून सांगतो: साप चावला तर माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला अवयव फळीचा आधार देऊन हलू न देता ठेवा. कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. साप मारायला किंवा पकडायला वेळ घालवू नका. मिळेल त्या वाहनाने थेट दवाखाना गाठा आणि निघतानाच फोन करून औषध आहे का ते विचारा. नवस बोलायचा तर तो वाटेत, गाडीतच बोला.

परळला पुन्हा जाण्याची वेळ तुमच्यावर न येवो. पण गेलातच, आणि कागदाची वाट पाहत दोन तास बसावे लागले, तर आचार्य दोंदे मार्गाने एक फेरी मारा. जवळच १८८६ सालचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आपल्या गुरांचे कित्येक डॉक्टर तेथेच शिकले. हाफकिन संस्थेचे काम चालू असते, त्यामुळे आत जायला परवानगी लागते, फाटकावर विचारावे. परवानगी नाही मिळाली तरी त्या भिंतींकडे एकदा बघून घ्या.

जतचे ते गृहस्थ उठताना म्हणाले, "पाद्र्याचं देऊळ म्हणता, मग गव्हर्नरची कोठी म्हणता. आमच्या कामाला मात्र आत्ताच आलं बघा."

त्यांची मंडळी घरी बरी आहे. यंदाही फडावर जाणार म्हणाले. मी त्यांना तिथे भुईवर निजू नका, खाट न्या आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा, एवढेच सांगितले. नंतर चार वाजले आणि मी वहिनींचा कागद आणायला गेलो.